पहिलं कुंकू घरचं

मंत्री निवास, बंजारा हिल्स
हैदराबाद
३ नोव्हेंबर

ती. वहिनीस,
साष्टांग नमस्कार.

एकाच शहरात राहून चिठ्ठी पाठवतोय म्हणून हसाल. सध्या आमचे फोन कोण कोण ऐकतं याचा भरवसा नाही, आणि तुमचा तो बटणांचा फोन तुम्ही उचलता कुठे? ड्रायव्हर यादगिरी चिठ्ठी देईल. उत्तर त्याच्याच हाती द्या. मराठी लिहायची सवय मोडली आहे, चुकलंमाकलं पोटात घाला.

मी मंत्री झालो हे टीव्हीवर पाहिलंच असेल. शपथविधीचा पास तुम्हाला पाठवायचा राहिला, ती माझे पी.ए. मुकुंदराव यांची चूक. मी त्यांना बोललो.

आता अडचण ऐका. मी मंत्री आहे, पण आमदार नाही. कुकटपल्लीत पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या माणसाला मुख्यमंत्री साहेबांनी एकदम लाल दिव्याच्या रांगेत बसवलं, पण कायदा सांगतो की सहा महिन्यांत निवडून या, नाही तर खुर्ची सोडा. अशात आपल्या सुलतान बाजारच्या बाजूचे आमदार वारले. वाईट झालं, पण वेळेवर झालं. पोटनिवडणूक लागली आहे आणि तिकीट मला आहे. पडलो तर मंत्रिपद गेलं आणि वर साहेबांची नजर फिरली ती कायमची.

पुरुषांची मतं मी बघून घेतो. घोर बायकांचा आहे. समोर त्या वारलेल्या आमदारांची बायको उभी आहे. पांढरी साडी नेसून नुसती उभी राहते, आणि बायका रडतात. मुकुंदराव म्हणाले, "सर, त्यांच्याकडे विधवा आहे, तर आपल्याकडेही आहे की."

इकडची पद्धत तुम्हाला माहीत आहे. लग्नाचं बोलावणं करायचं तर घरची बाई दारोदार जाऊन कुंकू लावते, तेलुगू लोक त्याला बोट्टू म्हणतात. एकदा बोट्टू लावलं की नाही म्हणता येत नाही, जावंच लागतं. आपल्या मराठी घरांनीही ते केव्हाच उचललं आहे. तर तुम्ही मतदानाचं बोट्टू घेऊन फिरायचं. मंत्र्याची विधवा वहिनी सुवासिनींना कुंकू लावते आहे! पेपरवाले वेडे होतील. शिवाय गल्ली तुम्हाला आई मानते. आमच्या सौ. अनुराधाला तिथे कुणी ओळखत नाही, आणि ओळखतात त्यांना ती आवडत नाही, हे तुमच्या-माझ्यात.

भालकीहून मी शाळेला आलो तेव्हा तुम्हीच पहिलं ताट वाढलं होतं. आता हे दुसरं ताट धरा.

तुमचा,
प्रताप

चिठ्ठी वाचून फाडून टाका.


सुलतान बाजार
५ नोव्हेंबर

चि. प्रतापराव भावजींस,
अनेक आशीर्वाद.

यादगिरी तीन जिने चढून आला, त्याला पाणी दिलं. तुमचं अक्षर अजून उजवीकडे पळत सुटतं. चिठ्ठी फाडली नाही, चुलीला घातली. चूल म्हणजे गॅस, वेळ लागला.

तुम्ही मला गल्लीची आई म्हणता. मी गल्लीची शिंपीण आहे, भावजी. निम्म्या बायकांच्या ब्लाऊजची मापं माझ्याकडे आहेत. कोण किती सुटली ते मला ठाऊक, म्हणून सगळ्या माझ्याशी गोड बोलतात. पण हे गेल्यापासून मला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही, आणि मी कुणाला अडचणीत टाकत नाही. माझा करंडा त्या दुपारपासून कपाटात आहे. अनुराधा होती त्या दिवशी माझ्याजवळ, तिला आठवत असेल.

तुमच्या घरचंच घ्या. तुमच्या लेकीच्या, प्रणिताच्या लग्नाची चोळी मी शिवली. पोर चार वर्षांची असल्यापासून सुट्टीत माझ्याकडेच असायची. तरी हळदीच्या वेळी मला वरच्या खोलीत बसवलं होतं. खिडकीतून मांडव चांगला दिसत होता, पंखाही होता, तक्रार नाही. पण त्या मांडवात या गल्लीतल्या बायका जेवायला होत्या, आणि मी खाली का नाही हे प्रत्येकीनं पाहिलं. आता त्याच बायकांच्या कपाळाला मी बोट लावायला गेले तर दारं मिटतील. त्यांचा दोष नाही. नवऱ्याच्या जिवाला भिणारी बाई वाईट नसते.

एकच वाट आहे. बोलावण्याचं पहिलं कुंकू घरच्या सुवासिनीला लावून बाई उंबरा ओलांडते, हा रिवाज भालकीतही होता आणि इथंही आहे. तर पहिलं कुंकू मी अनुराधाला लावेन. तुमच्या दारात, दिवसाउजेडी, चार लोकांसमोर. मंत्र्याच्या बायकोनं कपाळ पुढे केलं, मग गल्लीत नाही म्हणायची कुणाची छाती आहे? मी ताट घेऊन तुम्ही म्हणाल तितकी दारं फिरेन, पाय दुखले म्हणणार नाही.

मला साडी नको, फोटो नको. एवढंच हवं आहे. कळवा.

जयवंता


मंत्री निवास
९ नोव्हेंबर

ती. वहिनी,
सा. न.

क्या बात है! तुमची आयडिया ऐकून मुकुंदराव खुर्चीतून उठले. म्हणाले, "सर, बाई तर पक्षात पाहिजेत." शुक्रवारी सकाळी बंगल्यावर या. अनुराधाला मी सांगून ठेवलं आहे, ती आनंदानं तयार आहे. फक्त शुक्रवार जमला नाही तर हट्ट धरू नका, कारण तिच्या आईची तब्येत पुण्यात वरखाली आहे आणि तिला कधीही विमान धरावं लागेल. तसं झालं तर तुम्ही गल्लीपासून सुरुवात करा, अनुराधा मागून येईल. पहिलं काय आणि शेवटचं काय, कुंकू ते कुंकूच.

प्रचाराची साडी पाठवतोय. मधे पांढरी आहे, काठ पक्षाच्या रंगाचा आहे. पदर डोक्यावरून घ्या, फोटोत बरं दिसतं. गल्लीत कुणाशी जास्त बोलू नका, नुसतं हसा. हसताना दुःख दिसलं पाहिजे, असं मुकुंदराव म्हणतात.

प्रताप


सुलतान बाजार
१४ नोव्हेंबर

चि. भावजींस,
आशीर्वाद.

शुक्रवारी येऊन गेले. तुम्ही सिकंदराबादच्या सभेला होतात असं कळलं.

ताट रुमालानं झाकून नेलं होतं. फाटकावरच्या पोलिसानं रुमाल उचलून पाहिलं आणि कुंकवात बोट घालून हुंगलं, त्याचं कामच आहे ते. मला कंत्राटदारांच्या हॉलमध्ये बसवलं. बाजूच्या गृहस्थांना कपबशीतून चहा आला, मला कागदी कपात. चहा चांगला होता, वेलदोडा होता त्यात.

बऱ्याच वेळानं मुकुंदराव खाली आले. "अम्मा, मॅडम सकाळच्या विमानानं पुण्याला गेल्या. फार हळहळत होत्या." तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "गेल्या का त्या?"

मुकुंदराव घाईनं म्हणाले, "टीव्ही चालू राहिला वाटतं."

मी म्हटलं, "मालिका चांगली दिसते. बाई ओळखीची वाटते."

भावजी, तिच्या ब्लाऊजचं माप माझ्याकडे आहे, तसा तिचा आवाजही आहे. ती नाही म्हणाली असती, तर मला राग आला नसता. तोंडावर नाही म्हणायला आली नाही, एवढंच लिहून ठेवते.

तुम्ही मुकुंदरावांमार्फत पेपरवाल्यांना शब्द देऊन बसलात, तेव्हा मंगळवारी मी ताट घेऊन निघेन. तुमचे भाऊ असते तर म्हणाले असते, प्रतापचं काम आहे, जा. तेवढ्यासाठी जाते. पण एक सांगून ठेवते. कुणी काही विचारलं, तर मला खोटं बोलता येत नाही.

जयवंता


मंत्री निवास
१५ नोव्हेंबर

ती. वहिनी,

तुम्ही राईचा पर्वत करता. बरं, उघडच लिहितो. अनुराधाला भीती वाटते. माझ्या जिवाची. तिला कुणा ज्योतिषानं सांगितलंय की हे वर्ष मला जड आहे. पुण्याची आहे, एम.एस्सी. आहे, तरी बाईचं काळीज. परवा बोलताबोलता रडायला लागली, "दुसरं काहीही सांगा, हे नको." आता याला मी काय करू? हे प्रेमच आहे, वहिनी. तुम्ही स्वतः यातून गेलात, तुम्ही तर समजून घ्यायला हवं.

गल्लीतल्या बायकांचं तसं नाही. त्या भाबड्या आहेत, इतका विचार करत नाहीत. समोर ताट आलं की कपाळ पुढे करतील. आणि कुणी विचारणार नाही. कुणी विचारलंच, तर "हो, लावलं" म्हणायचं. दोन शब्द आहेत. ज्या माणसाला तुम्ही लहानाचं मोठं केलंत त्याच्यासाठी दोन शब्द जड होतात का?

मंगळवारी मुकुंदराव सोबत असतील. ते पुढे बोलतील, तुम्ही मागे राहा.

प्रताप


सुलतान बाजार
२० नोव्हेंबर

चि. भावजींस,
आशीर्वाद.

मंगळवारचं काय झालं ते मुकुंदरावांनी सांगितलं असेलच, पण ते निम्म्यातून निघून गेले, म्हणून मी लिहिते.

पहिलं दार गंगूचं. आमच्या जिन्याखाली तिचं बांगड्यांचं दुकान आहे. फोटोवाले तयार होते. मी बोट बुडवलं, तर गंगूच म्हणाली, "लावा हो वैनी, ठळक लावा. माझा तो शारजात दुसरीला घेऊन बसलाय. त्याला काय व्हायचं ते होऊ दे, हौ!" सगळे हसले. तोच फोटो पेपरात आला, खाली लिहिलं होतं, ‘सुवासिनीचा भावुक क्षण’.

त्यानंतर फोटोवाले गेले, ते बरं झालं.

दुसऱ्या दारात सून आली. आतून सासूनं हाक मारली, आणि सून म्हणाली, "मी बाहेर बसलेय, काकू, शिवू नका." तिसऱ्या दारातही बाई बाहेर बसली होती. चौथ्यातही. भावजी, एकाच सकाळी इतक्या बायका बाहेर बसलेल्या मी जन्मात पाहिल्या नाहीत. त्यांत एक माझ्याहून दोन वर्षांनी मोठी होती. कोपऱ्यावरच्या तेलुगू बाईंनी हात जोडले, "वद्दम्मा, नको," आणि रडायलाच लागल्या. एकीनं कपाळाऐवजी तळहात पुढे केला, "यावर द्या, देवापुढे ठेवते." तिच्या घरात देव आहेत तिथं मी अजून आत गेलेली नाही. एका लहान मुलीनं टाचा उंचावून कपाळ पुढे केलं, तर तिच्या आईनं तिला मागे ओढलं. पोरीचा दंड लाल झाला असेल.

मी हसत होते. दुःख दिसत होतं की नाही, मुकुंदरावांना विचारा.

मग केशवराव सराफांचं घर आलं. त्यांच्या यमुनाबाई दार उघडून उभ्याच होत्या. त्या एकट्याच खरं बोलल्या.

"जयवंता, तुझ्याशी लपवाछपवी करणार नाही. मला भीती वाटते. यांचं बायपास झालंय. पण मंत्र्याच्या बायकोनं लावून घेतलं असेल, तर मीही घेते. तिचा नवरा मंत्री, माझा साधा सराफ. तिचं जास्त जायचंय. सांग, घेतलं तिनं?"

"घेतलं की! सकाळीच!" मुकुंदराव म्हणाले.

"तुम्ही पगारी माणूस. तुम्हाला नाही विचारलं."

गल्ली ऐकत होती. बाहेर बसलेल्या सगळ्या बायका खिडक्यांत आल्या होत्या. तुमचे दोन शब्द माझ्या तोंडात तयार होते, भावजी, ते तुम्ही लिहून दिले होते. पण कानात जिन्यावरचे तीन शब्द होते. मी म्हटलं, "नाही."

"म्हणजे बोलावलंच नाही तुला?"

"बोलावलं होतं. ती घरात नाही असं सांगितलं."

"आणि होती?"

"होती."

यमुनाबाईंनी माझ्या हातातलं ताट घेतलं, रुमालानं झाकलं आणि परत दिलं. म्हणाल्या, "घरी जा. उन्हात फिरू नकोस." मला पाणी दिलं, घरातल्या तांब्याच्या पेल्यात.

मुकुंदराव तिथूनच रिक्षा करून गेले. मी चालत आले. संध्याकाळपर्यंत गल्लीत एकच वाक्य फिरत होतं, ते तुम्ही ऐकलंच असेल.

साडी धुऊन परत पाठवते. काठाचा रंग जरा उतरला.

जयवंता


कुकटपल्ली
९ डिसेंबर

सौ.

दादा असतानाच्या सवयीनं सौ. लिहिलं, खोडत नाही. वाचा आणि बघा कसं वाटतं.

काल निकाल लागला. दुपारपर्यंत मी पुढे होतो. मग सुलतान बाजारची यंत्रं उघडली. त्यानंतर मुकुंदरावांनी माझ्याकडे बघणं बंद केलं. ज्या गल्लीत मी गोट्या खेळलो तिथे त्या पांढऱ्या साडीनं मला झाडून काढलं. ‘बायकोला नको ते आम्हाला का?’ म्हणे. पोरींनी त्याचं गाणं केलं होतं. मतदानाच्या रांगेत म्हणत होत्या.

साहेबांनी फोन घेतला नाही. राजीनामा पाठव, असा निरोप आला. बंगला सोडायचा आहे, अनुराधा कालपासून खोलीबाहेर आली नाही. मी टाक्यांच्या फॅक्टरीत बसून लिहितोय.

तुम्हाला एक शब्द बोलता आला असता. एक ‘हो’. सगळं जग बोलतं. तुम्ही बोलला नाहीत, कारण तुम्हाला बोलायचं नव्हतं. मांडवातली वरची खोली तुम्ही विसरला नव्हतात. गरीब चेहरा करून बरोबर वेळ साधलीत. अनुराधा पहिल्यापासून म्हणायची की या बाईच्या पायगुणानं दादा गेले. मी तिला गप्प करायचो. आता वाटतं, तिनं बरोबर ओळखलं होतं. आधी भाऊ खाल्ला, आता मला.

महाशिवरात्रीच्या आधी प्रणिताचं डोहाळजेवण आहे. तुम्ही यायचं नाही. वरच्या खोलीतही नाही. बाळ झाल्यावर बघायलाही यायचं नाही. तुमच्या हातची दुपटीबिपटी नकोत. प्रणिताला मी सांगितलं आहे आणि तिनं मान डोलावली आहे.

प्रतापराव


सुलतान बाजार
१० डिसेंबर

चि. प्रतापराव भावजींस,
आशीर्वाद. ते काही निकालावर अवलंबून नसतात.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. मला ‘हो’ म्हणायचं नव्हतं.

पण एक बघा. समोरच्या बाई दारोदार फिरल्या, तेव्हा हात जोडून फिरल्या. त्यांनी कुणाच्या कपाळाला बोट लावलं नाही. नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं, तरी त्यांना कुठे थांबायचं ते कळत होतं. तुम्हाला घरात एक विधवा आहे एवढंच दिसलं. ती काय चीज आहे, हे तुमच्या बायकोला विचारलं असतंत, तर तुम्ही आज बंगल्यात असता.

मतदान मीही केलं. तुम्हालाच. आमच्या शाळेतल्या यंत्रात तुम्हाला जी चारदोन मतं निघाली, त्यात माझं धरा. गंगूनं कुणाला दिलं ते ती सांगत नाही, नुसती हसते.

डोहाळजेवणाला मी येणार नाही. हिरवी चोळी शिवून झाली होती, ती उसवून ठेवली आहे. कापड चांगलं आहे, दुसऱ्या कुणाच्या लेकीला होईल. प्रणितानं मान डोलावली हे लिहून तुम्ही बरं केलंत. मी उगाच वाट पाहिली असती.

जयवंता


कुकटपल्ली
२८ डिसेंबर

ती. सौ. गं. भा. वहिनीस, काय लिहावं तेच कळत नाही, तुमच्या चरणी मस्तक ठेवून—

झालं गेलं गंगेला मिळालं. रागात माणूस काय वाट्टेल ते लिहितो. तुम्ही ती चिठ्ठी गॅसवर धरली असेल अशी आशा आहे.

एक दार उघडलं आहे. विधान परिषदेची एक जागा रिकामी होते आहे. सहा महिने भरायच्या आत तिथं माझं नाव गेलं, तर मंत्रिपद परत. साहेब तयार आहेत, पण त्यांच्या कानावर तो कुंकवाचा किस्सा गेला आहे. म्हणतात, "जो माणूस स्वतःच्या बायकोला राजी करू शकला नाही, तो लोकांना काय करणार?" संक्रांतीच्या आधी दिल्लीचे निरीक्षक तुमच्या गल्लीत येऊन चौकशी करणार आहेत.

तर एवढं करा. अनुराधा स्वतः तुमच्याकडे येईल. भरदिवसा. गल्लीनं बघू दे. तुम्ही तिला कुंकू लावा, आणि दोन ओळी लिहून द्या की अनुराधानं तुमच्या हातचं कुंकू लावून घेतलं. तारीख घालू नका. यात खोटं काहीच नाही, तुम्हाला खोटं चालत नाही हे मला माहीत आहे.

ती तयार आहे. मी समजावलं. जरा जोरात समजावावं लागलं.

आणि वहिनी, प्रणिताच्या डोहाळजेवणाला पहिली ओटी तुम्ही भरायची. मांडवात, सगळ्यांच्या आधी. माझा शब्द. ही जागा झाली की लगेच तारीख कळवतो.

तुमचा, लहानपणचा
प्रताप


सुलतान बाजार
६ जानेवारी

चि. प्रतापराव भावजींस,
आशीर्वाद.

अनुराधा काल येऊन गेली. तुम्ही गाडीत तरी असाल असं वाटलं होतं. नव्हतात.

गाडी गल्लीत शिरत नाही, म्हणून ती बस थांब्यापासून चालत आली. काळा चष्मा होता. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. गंगूनं दुकानातून हाक मारली, "या या, मंत्रीणबाई!" आणि मग हळूच, "माजी." यमुनाबाईंनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं आणि माझ्यासोबत वर आल्या. साक्षीला कुणी तरी हवं, म्हणाल्या.

माप घ्यायला बायकांना मी ज्या स्टुलावर उभं करते, त्यावर अनुराधा बसली. चष्मा काढला. डोळे सुजलेले होते, आणि डाव्या मनगटावर बांगडीची काच रुतल्याची खूण होती. तुमचं ‘जरा जोरात’ मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "नको असेल तर नको, अनुराधा. खाली जाऊन मी लावलं असं सांगणार नाही, पण तू आलीस एवढं सांगेन."

ती म्हणाली, "लावा. लवकर लावा."

ताटातलं कुंकू बाजारचं होतं, हिच्यासाठी मी सहा वर्षांनी माझा करंडा उघडला. कुंकू घट्ट झालं होतं, नखानं खरवडावं लागलं. ती डोळे मिटून तोंडातल्या तोंडात काही म्हणत होती, तुमचं आयुष्य मागत असावी. मी कुंकू लावलं. हलकेच लावलं, भुवयांच्या मधोमध, सरळ. कपाळ गार होतं. भावजी, वाटलं होतं तितकं मला काही वाटलं नाही.

"झालं?" तिनं डोळे न उघडताच विचारलं.

"झालं."

ती उठली ती जिन्याकडेच. मी दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या, त्या घ्यायच्याही राहिल्या. मग मी गंगूला कागद घेऊन मागे धाडलं.

गंगू कागद घेऊन परत आली. बस थांब्याजवळ गाडी उभी होती. दार उघडं होतं, यादगिरी पाठ करून उभा होता, आणि अनुराधा बाहेर वाकून बाटलीचं पाणी कपाळावर ओतत होती. लाल पाणी नाकावरून खाली आलं. मग पदराच्या टोकानं ते सगळं पुसलं. थांब्यावर बायका होत्या, यमुनाबाईंची सून होती. तिच्या फोनमध्ये ते सगळं आहे. मी पाहिलं नाही, गल्लीनं पाहिलं. आज सकाळी दूधवालाही मला दाखवायला आला होता.

तुमचा कागद सोबत पाठवते आहे. तुम्ही सांगितलं तसं लिहिलं आहे, तारीख घातलेली नाही, एकही शब्द खोटा नाही. अनुराधानं माझ्या हातचं कुंकू लावून घेतलं. त्यापुढचं निरीक्षकांना मी सांगायची गरज नाही.

ओटीचा निरोप मिळाला. उसवलेलं कापड गंगूच्या भाचीला दिलं, तेव्हा त्याची काळजी नको.

एक गोष्ट तुम्हाला कधी लिहिली नव्हती. हे गेले त्या दुपारी माझं कुंकू पुसायला कुणी पुढे होईना. यमुनाबाईंनी तोंड फिरवलं होतं, गंगू दाराआड रडत होती. तेव्हा अनुराधा उठली. तिनं पदराचं टोक तांब्यात बुडवलं, डाव्या हातानं माझं डोकं घट्ट धरलं आणि उजव्या हातानं पुसलं. एकदाच हात फिरवला, सगळं निघालं.

काल गाडीपाशीही तसंच झालं, असं गंगू सांगते. एकदाच हात फिरवला.

अनुराधावर हात उगारू नका. तिनं जन्मभर एकच काम नीट केलं आहे.

जयवंता